उताराची किंमत

डोंगरउतारावरच्या छोट्या बागेत थंड हवेत पिकलेल्या पिनो न्वार द्राक्षांची वाइन इतकी महाग का, असा विषय निघाला की उत्तर तयारच असते. द्राक्षाचाच तर रस! तो आंबवायचा, बाटलीत भरायचा, वर टेकडीचे चित्र डकवायचे आणि चौपट भाव लावायचा. माती, उतार, धुके, जुने वेल हे सगळे विकणाऱ्यांचे शब्द. डोळे बांधून प्यायला दिली तर तज्ज्ञालाही स्वस्त कोणती आणि महाग कोणती ते सांगता येत नाही, हे विज्ञानाने कधीच सिद्ध केले आहे. तेव्हा पैसे देणारा भोळा, घेणारा चलाख, आणि या दोघांकडे बघून मान हलवणारा तेवढा शहाणा.

हे मत आता इतके रुळले आहे की ते तपासून बघावे असे कुणाला वाटत नाही. वाइन न पिणारा ते ऐकून समाधान पावतो, पिणाराही थोडा ओशाळून कबूल करतो. या सगळ्या बोलण्यात शेतकरी कुठेच नसतो. बागेतले दहिवर, कुजणारे घड, फुकट गेलेले हंगाम, हाताने केलेली काढणी, यांचा उच्चारही होत नाही. एका पिकामागची पिढ्यांची मेहनत ‘लेबलचा खेळ’ या दोन शब्दांत निकालात निघते. संताप यावा अशीच ही गोष्ट आहे, कारण हे मत पुराव्यापुढे टिकत नाही.

हे मत मांडणाऱ्यांचा सर्वांत लाडका पुरावा दक्षिण फ्रान्समधला आहे. २००४ मध्ये ‘साइडवेज’ हा चित्रपट आला, त्याच्या नायकाचा पिनो न्वारवर जीव होता, आणि अमेरिकेत या वाइनची मागणी एकाएकी वाढली. लांगदॉक भागातल्या काही व्यापाऱ्यांनी मग मेर्लो आणि सिरा या तिथल्या स्वस्त द्राक्षांची वाइन पिनो न्वार म्हणून विकायला काढली. गॅलो या बड्या अमेरिकी कंपनीने ती खरी समजून घेतली आणि ‘रेड बिसिक्लेट’ या नावाने बाजारात आणली. सुमारे १ कोटी ८० लाख बाटल्यांचा हा माल. २०१० मध्ये कार्कासोनच्या न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले. चोरी पकडली ती कागदपत्रांनी: खरेदीचा दर बाजारभावाहून फारच कमी होता, आणि त्या भागात जितकी पिनो पिकते त्याहून जास्त पिनो विकली गेली होती. पिणाऱ्यांना काही कळले नाही. झाले, पिनो न्वार नावाचे वेगळे असे काही नसतेच, हा निष्कर्ष तयार!

असा निष्कर्ष निघतो तरी कसा? देवगड-रत्नागिरीच्या पेटीत कर्नाटकातला आंबा भरून विकतात आणि मुंबईतली हजारो माणसे तो हापूस म्हणून खातात. म्हणून देवगडचा हापूस खोटा ठरला काय? उलट, त्याच चोरीला आळा घालायला कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन घ्यावे लागले. नक्कल नेहमी मोलाच्या वस्तूची होते. लांगदॉकच्या प्रकरणातून सिद्ध होते ते एवढेच, की लाखो बाटल्यांच्या मापाने आणि किराणा दुकानाच्या भावाने जी ‘पिनो’ मिळते तिच्यात पिनो असेलच असे नाही. ज्यांनी ती प्यायली त्यांच्यापुढे तुलनेला खरी पिनो होतीच कुठे? हे द्राक्ष त्या मापाने आणि त्या भावाने पिकत नाही, म्हणून तर व्यापाऱ्यांना मेर्लो भरावी लागली. हा पुरावा लबाडांविरुद्ध आहे, आणि तो छोट्या बागायतदाराच्या बाजूने बोलतो.

दुसरा पुरावा प्रयोगशाळेतला. २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळला, आणि वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. प्रयोग उत्तम होता; त्याचा अर्थ लावणाऱ्यांनी घोटाळा केला. डोळ्यांना दिसलेला रंग नाकाला फसवतो, वर्णनाचे शब्द नजरेवरून सुचतात, हे त्यातून कळले. दोन बागांच्या दोन वाइनमध्ये फरक नसतो, हे त्यातून कुठे कळले? विद्यार्थ्यांना तो प्रश्न विचारलाच नव्हता. २००८ मध्ये सहा हजारांहून अधिक झाकलेल्या चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किंमत माहीत नसली तर सामान्य माणसाला महाग वाइन अधिक आवडत नाही, हे त्यातले अर्धे वाक्य जगभर फिरले. वाइनचे शिक्षण घेतलेल्यांत असे आढळत नाही, हे त्याच निबंधातले उरलेले अर्धे वाक्य मात्र कुणी सांगत नाही.

आणि झाकलेल्या बाटल्यांचीच साक्ष काढायची असेल तर ती पुरती काढावी. त्यासाठी अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जावे लागते.

डेव्हिड लेट हा तत्त्वज्ञानाचा पदवीधर. दंतवैद्यकाकडे निघालेला हा तरुण नापा खोऱ्यात वाइन करणाऱ्यांच्या सहवासात आला आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात द्राक्षशेती शिकला. पिनो न्वारला कॅलिफोर्नियाची उष्णता सोसत नाही, ती थंड मुलखात, हंगामाच्या अगदी शेवटी जेमतेम पिकली पाहिजे, अशी त्याची खात्री झाली. ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात ती लावतो म्हटल्यावर प्राध्यापकांनी त्याला सावध केले: तिथे दहिवराने डोळे करपतील, पावसाने घड कुजतील. १९६५ मध्ये सुमारे तीन हजार काड्या घेऊन तो तरीही गेला. पुढच्या वर्षी त्याने आणि पत्नी डायनाने डंडी हिल्स या टेकड्यांवर जुन्या आलुबुखाराच्या बागेच्या जमिनीत वेल लावले. १९६२ च्या वादळाने त्या भागातल्या फळबागांची धूळधाण केली होती. तिथल्या उतारांना कुणी फारसा भाव देत नव्हते. वर घरटे करणाऱ्या ससाण्यांवरून बागेचे नाव पडले ‘आयरी’. वाइन बनवायची जागा म्हणजे मॅकमिनव्हिल गावातला टर्की कोंबड्या सोलायचा जुना कारखाना. पोट भरायला लेट कॉलेजची पाठ्यपुस्तके विकत फिरायचा. १९७० ची पहिली पिनो इतकी फिकी उतरली की तिला पिनो न्वार म्हणायला तो स्वतःच तयार झाला नाही. लेबलवर त्याने ‘ओरेगन स्प्रिंग वाइन’ एवढेच छापले.

लेबलच्या जोरावर लोकांना गंडवू पाहणारा माणूस असे करील काय?

१९७९ मध्ये पॅरिसमध्ये गो-मियो या नियतकालिकाने वाइनच्या जागतिक चाचण्या भरवल्या. लेटची १९७५ ची पिनो तिथे फ्रान्समधल्या बरगंडी भागातल्या नामांकित पिनोंच्या पंगतीत पहिल्या दहांत आली. बरगंडीतले वाइनचे पेढीवाले रोबेर द्रुआँ यांना हे पटले नाही. १९८० मध्ये त्यांनी आपल्या बोन गावात, आपल्या तळघरातल्या निवडक वाइन काढून पुन्हा चाचणी घेतली. पहिली आली त्यांची १९५९ ची शांबोल-म्युझिनी. दुसरी आयरी, अवघ्या ०.२ गुणांनी मागे. बाटल्या झाकलेल्या होत्या. परीक्षकांना आयरी हे नाव दिसले असते तरी त्यामागे बरगंडीसारखी पुण्याई नव्हती. ओरेगन नकाशावर दाखवा म्हटले असते तर तिथे किती बोटे अडखळली असती! मग ते गुण कशाला मिळाले? लेबलला? टर्कीच्या कारखान्याला? झाकलेल्या चाचणीचे दाखले देणाऱ्यांना ही चाचणी कधी आठवत नाही.

आता त्या उताराकडे बघू, कारण ‘माती नि उतार हे विक्रीचे शब्द’ या आरोपाचे उत्तर जमिनीवरच मिळते. विलामेटच्या सपाट तळाशी हिमयुगाच्या अखेरच्या महापुरांनी आणून टाकलेला सुपीक गाळ आहे. गवत, भाजी, रोपवाटिका यांना तो उत्तम, पिनोला नाही. अशा जमिनीत वेल पानांनी माजतो आणि घड पाणचट होतो. टेकडीवर ज्वालामुखीच्या बेसाल्टची झिजून झालेली तांबडी माती आहे, तिचे नाव जॉरी. ती पाण्याचा निचरा करते, आणि ओरेगनच्या कोरड्या उन्हाळ्यात वेलाला पुरेल इतकी ओल खोलवर राखूनही ठेवते. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घरंगळते, त्यामुळे वसंतातले दहिवर खालच्या खळग्यांत साचते आणि वरचे कोवळे कोंब वाचतात. दक्षिणेकडे कललेल्या उताराला ४५ अक्षांशावरचे तिरके ऊन सरळ मिळते. यात गूढ काय आहे? कोणताही बागायतदार हे पाच मिनिटांत समजून घेईल. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे: घोटात बेसाल्ट ‘लागतो’ असे म्हणणारे चुकतात. दगडाची चव मुळांवाटे वाइनमध्ये चढत नाही. माती काम करते ती पाणी देण्या-रोखण्यातून आणि उबेतून, आणि तेवढे काम पुरेसे आहे.

थंडीचा मुद्दा तर महाराष्ट्राच्या वाचकाला सर्वांत आधी उमगायला हवा. नाशिकच्या बागेत वेल खऱ्या अर्थाने झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी, असा वर्षाचा फेरा तिथल्या माणसांनी डोक्याने आणि कष्टाने बसवला आहे. त्यात मणी पिकत जातात तशी हवा तापत जाते. मार्चात पारा पस्तिशीच्या आसपास जातो. ओरेगनात याच्या उलट घडते. सप्टेंबर-ऑक्टोबरात मण्यात साखर भरते तेव्हा दिवस लहान आणि रात्री गार होत असतात. उष्णतेत द्राक्षातले मॅलिक आम्ल झपाट्याने जळते, गारव्यात ते टिकते. साखर सावकाश चढते आणि सुगंधाला वेळ मिळतो. पिनो न्वारला वाढीच्या हंगामात सरासरी १४ ते १६ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते. त्याहून गरम मुलखात ती लवकर पिकते आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखी लागू लागते. म्हणूनच नाशिकची कीर्ती शिराझ, शनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ यांवर उभी राहिली. ‘द्राक्ष ते द्राक्ष’ असे नाशिकचा शेतकरी कधी म्हणणार नाही. म्हणतात ते बागेत पाऊल न टाकलेले लोक.

आणि पिनोचे द्राक्ष तरी कसे? सालीने पातळ, घडाने गच्च. मणी एकमेकांवर इतके दाटतात की पावसाचे पाणी आत अडकले की कूज लागलीच. डोळे लवकर फुटतात, म्हणून वसंतातल्या दहिवराचा पहिला तडाखा यालाच. एप्रिल २०२१ मध्ये बरगंडीत शेतकऱ्यांनी रात्रभर बागांत मशाली आणि मेणाच्या शेगड्या पेटवल्या, तरीही पिकाचा मोठा भाग हातचा गेला. सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन काढणीच्या तोंडावर, ओरेगनातल्या वणव्यांचा धूर बागांवर दिवसचे दिवस बसून राहिला. धुराचा वास सालीत मुरतो आणि लाल वाइन सालीसकटच आंबते. त्या वर्षी अनेक बागायतदारांनी आपली नावाजलेली पिनो काढलीच नाही. एक अख्खा हंगाम मनाने सोडून देणे हा कोणत्या जाहिरातीचा भाग आहे?

पैशाचा हिशेब तर अगदी सरळ आहे. नाशिकला खायच्या द्राक्षांचा चांगला प्लॉट एकरी दहा टनांच्या घरात माल देतो. डंडी हिल्ससारख्या ठिकाणी चांगल्या पिनोसाठी एकरी दोन-अडीच टनांवर समाधान मानतात, कारण वेलावर जास्त घड ठेवले तर तेवढ्या थंडीत ते पिकतच नाहीत. त्यासाठी विरळणीत चांगले दिसणारे घड कापून जमिनीवर टाकावे लागतात. एका टनातून साधारण सातशे बाटल्या निघतात. म्हणजे एकराला चौदाशे ते साडेसतराशे बाटल्या; त्यातून जमीन, मजुरी, हाताची काढणी, ओकची पिंपे आणि बुडालेल्या वर्षांची भरपाई काढायची. सपाट, उष्ण खोऱ्यात यंत्राने काढलेल्या बागेशी या बाटलीचा भाव जुळावा, अशी अपेक्षा करणाऱ्याने शेतीचा हिशेब कधी मांडलेला नाही.

कमी पिकवून चांगले पिकवावे की भरपूर पिकवून स्वस्त विकावे, हा वाद आजच्या बाजाराने जन्माला घातलेलाही नाही. १३९५ मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणाऱ्या गामे द्राक्षाचे वेल उपटून टाकण्याचा हुकूम काढला आणि पिनोची पाठराखण केली. तिथल्या मठवासीयांनी आणि पुढच्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके उताराचे तुकडे एकमेकांपासून वेगळे ओळखले, त्यांना नावे दिली, बांध घातले. २०१५ मध्ये युनेस्कोने अशा १,२४७ तुकड्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. सहा शतकांपूर्वीच्या त्या मुलखात कोणती जाहिरात कंपनी कामाला होती?

‘फिकी आहे, पाण्यासारखी आहे, हिला कोण एवढे पैसे देणार’ हा आक्षेप वाइन जाणणाऱ्यांकडूनही येतो, म्हणून अधिक बोचतो. इतर काळ्या द्राक्षांत रंगद्रव्याचा जो एक टिकाऊ गट असतो तो पिनोत नाही. तिचा रंग मुळात पातळच असायचा. १९९० च्या दशकात बड्या समीक्षकांनी दाट, काळपट, जोरकस वाइनवर गुणांची उधळण केली आणि कित्येक ठिकाणी पिनोही त्या साच्यात ओतली गेली. लेट बधला नाही. २००८ मध्ये तो वारला तोवर त्याने आपली पिनो फिकी आणि नाजूकच ठेवली, आणि त्याच्या सत्तरच्या दशकातल्या बाटल्या पुढे कित्येक दशके ताठ उभ्या राहिल्या. बाजाराच्या मागे धावणारा माणूस बाजाराने रंग मागितला तेव्हा रंग देतो.

एक गोष्ट मान्य करायला हवी. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात १९४५ च्या रोमाने-काँतीची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरना गेली. त्या वर्षी त्या बागेतून जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या होत्या आणि नंतर ते वेल उपटले गेले. हा भाव शेतीचा नव्हे, तो संग्राहकांच्या चढाओढीचा आहे. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण या एका बाटलीकडे बोट दाखवून प्रत्येक टेकडीवरच्या बागायतदाराला लुटारू ठरवणे हा कुठला न्याय? लिलावातला पैसा वेल लावणाऱ्याच्या हाती पडतच नाही. ती बाटली आली होती रोबेर द्रुआँ यांच्याच तळघरातून.

टीकाकारांना कदाचित ठाऊक नसेल, पण लबाडीला आळा घालायचे काम याच छोट्या बागायतदारांनी स्वतःहून केले. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार बाटलीत ७५ टक्के पिनो असली तरी लेबलवर पिनो न्वार छापता येते. ओरेगनच्या शेतकऱ्यांनी १९७० च्या दशकात आपल्या राज्यासाठी ही अट ९० टक्क्यांवर नेली. त्याच दशकात लेट आणि अॅडेल्सहाइम यांच्यासारख्या बागायतदारांनी नियोजन अधिकाऱ्यांपुढे नकाशे मांडले आणि ज्या उतारांवर बंगल्यांच्या वसाहती उठल्या असत्या ते शेतीसाठी राखून घेतले. १९७३ च्या राज्याच्या जमीनवापर कायद्याने त्याला बळ दिले. घरे बांधून झटपट पैसा मिळाला असता. त्यांनी एकरी दोन टनांचे पीक निवडले.

कुणाला ही वाइन परवडत नसेल, कुणाला आवडत नसेल, कुणाला मद्यच नको असेल. त्यात गैर काही नाही. पण किंमत ही फसवणूक आहे असे म्हणणाऱ्याने द्रुआँ घराण्याच्या वागण्याचा उलगडा करून दाखवावा. ही १८८० पासूनची पेढी. बरगंडीतल्या सर्वोत्तम उतारांची मालकी आणि नावाची पुण्याई गाठीला असलेली. रोबेर यांची मुलगी व्हेरोनिक १९८६ च्या हंगामात ओरेगनला गेली, लेट आणि इतर बागायतदारांकडे काढणीला उभी राहिली. पुढच्याच वर्षी द्रुआँ यांनी डंडी हिल्समध्ये जमीन घेतली. ज्या जमिनीला नाव नव्हते, वारसा नव्हता, जिच्या लेबलला पॅरिसात कुणी विचारले नसते, अशा तांबड्या मातीच्या उतारात त्यांनी आपला पैसा गाडला. १९८८ मध्ये तिथली पहिली वाइन केली ती व्हेरोनिकनेच.